पट्टी सुटल्याची खबर

सोलापूरच्या पूर्व भागात, आमच्या गल्लीत यंत्रमागांची खडखड दिवसभर चालू असते. त्यामुळे माझ्या स्टुडिओत गायकांचं रेकॉर्डिंग मागांच्या सुट्टीच्या दिवशीच होतं. कीबोर्डला मात्र सुट्टीची वाट पाहावी लागत नाही. तो केबलनं कॉम्प्युटरला जोडला, की बाहेर कितीही गोंगाट असू दे.

हे दिपककाकांना समजावताना माझी पुरेवाट झाली. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेला, जन्मभर भीमगीतांच्या पार्टीत कीबोर्ड वाजवलेला माणूस. शंका काढल्याशिवाय ऐकेल कसा?

"काका, या केबलमधून आवाज जातच नाही. कुठली पट्टी दाबली, किती जोरात, ही एक खबर जाते. बोट उचललं की दुसरी. दुसरी पोचली नाही, तर कॉम्प्युटर तो सूर धरूनच बसतो."

"म्हंजी नुसती बोटं जात्यात की!"

"नुसती बोटं."

"मग बेस झालं. बायपास झाल्यापास्नं कार्यक्रमाला फिरणं न्हाय होत, गुरुशांत. ही गाणार, पर मागं माजी बोटं पायजेत."

ही म्हणजे त्यांची लेक संघप्रिया. तिच्या गळ्यासाठी त्यांनी नवी चाल बांधली होती. ती त्यांच्या हातून उतरवून घ्यायची, एवढंच काम होतं.

पहिल्यांदा सूर उशिरा येत होते. बोट आधी पडायचं, स्क्रीनवर त्या सुराची हिरवी रेघ मागून उमटायची. हे नेहमीचं दुखणं. मी सेटिंग बदललं.

पुढच्या खेपेला रेघ आधी उमटली आणि बोट मागून पडलं.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. कॉम्प्युटर चुकला, तर चूक बहुतेक माझीच असते. सेटिंग पुन्हा होतं तसं केलं, केबल बदलली, सगळं बंद करून सुरू केलं. मग म्हणालो, "काका, चाल राहू द्या. मनाला येईल ते वाजवा."

ते विचार करत बसले. तोवर स्क्रीनवर तीन रेघा उमटल्या. मग त्यांनी तेच तीन सूर वाजवले. तिसऱ्यावर बोट घसरलं, म्हणून स्वतःशीच हसले. स्क्रीनवरही तिसरा घसरलेलाच होता.

मला भीती वाटली. दोघांना स्क्रीन दिसत नव्हती. संघप्रिया मागच्या खुर्चीत गुणगुणत होती. काकांनी डोळे मिटून चाल पुन्हा धरली.

रेघा आता फार पुढे पळत होत्या. काका अजून ध्रुवपदावर होते, तिकडे अंतरा उमटत होता. अंतऱ्याच्या शेवटच्या ओळीत, मधेच, एक रेघ सुरू झाली आणि लांबतच गेली. तिच्यापुढे काहीच आलं नाही.

काका अंतऱ्याला लागले. मी केबल उपटली.

"आरं, काय झालं?"

"मशीन तापलंय. आज नको, काका. उद्या करू."

"एक ओळ तर ऱ्हायली की!"

"उद्या म्हणालो ना!" माझा आवाज चढला होता.

कीबोर्ड मी ठेवून घेतला. तो इथं असल्यावर ते घरी वाजवणार कशावर? 'जय भीम' म्हणून ते जिना उतरू लागले, तेव्हा प्रत्येक वाजवणाऱ्याला म्हणतो तेच सवयीनं बोलून गेलो. "चाल विसरू नका, काका. बोटं चालू ठेवा."

दिवेलागणीला संघप्रियाचा फोन आला.

"दादा, उद्या कधी येऊ? बाबांनी डोकं खाल्लंय. मघापासनं कॉटच्या कडेवर बोटं वाजवत बसलेत."

मागून लाकडावरची टकटक येत होती.

"कुठवर आलेत?"

"अंतरा लागलाय की," ती हसली.

"थांबव त्यांना. हात धर त्यांचा."

"का? काय झालं?"

"संघप्रिया, हात धर!"

टकटक थांबली.

"थांबले बघा," ती म्हणाली. मला हायसं वाटलं.

कॉम्प्युटर बंद होता. टेबलावरच्या कीबोर्डला एकही वायर नव्हती. त्याची एक पांढरी पट्टी खाली गेली होती.

"बाबा?" फोनमध्ये ती म्हणाली. मग पुन्हा, "बाबा?"

मी कडेनं नख घालून पट्टी उचलायला गेलो. ती वर येईना. बोटाला कोमट लागली.