परवा पडलेला बुरूज

हैदराबादला, चिक्कडपल्लीच्या सभागृहात मी किनाऱ्यावरच्या जुन्या बुरुजांची चित्रं दाखवत होते. समुद्राकडचे बुरूज गोल का, तर तोफेचा गोळा घसरावा म्हणून. आणि ते पडतात कसे? लाटा खालून पाया पोखरतात, वरून मात्र सगळं शाबूत दिसतं... ढासळलेल्या बुरुजाचं चित्र आलं आणि मागच्या रांगेतला एक तरुण उठून बाहेर गेला.

नंतर तो जिन्यात दिसला. कंटाळलात का, मी विचारलं.

"नाही... अशाच एका बुरुजाच्या डागडुजीवर माझे बाबा होते. परवा तो पडला. बाबा खालीच उभे होते."

मी पुण्याची. माझा परवा म्हणजे मंगळवार. काही न सुचून मी त्याचा हात धरला. घरी कोण आहे, काही खाल्लं का, काहीबाही विचारत राहिले. तो गोंधळला. मग डोळे पुसत हसला.

"नऊ वर्षं झाली. आम्ही हैदराबादी... आमचं होऊन गेलेलं सगळं परवाच असतं."

"आधी सांगायचं ना."

"मग तुम्ही हात सोडला असता."

मी तेव्हाही सोडला नाही.

त्याचं नाव प्रबुद्ध. बँकेत होता, राहायला नल्लकुंट्याला, घराणं मूळचं नांदेडचं. मी तेव्हा हैदराबादलाच राहत होते; आम्ही रोज भेटू लागलो. बुरुजांचा विषय निघाला की तो दुसरंच काही काढायचा. अशातच मला काम मिळालं, त्याच किनाऱ्यावरचं. त्याचे बाबा गेले त्या बुरुजाच्या शेजारच्याला भेग पडली होती. दोरावर लोंबकळून ती मोजायची होती. हे ऐकल्यापासून त्याने फोन उचलला नाही.

नामपल्ली स्टेशनवर मात्र तो आला, चेहरा उतरलेला.

"नको जाऊस, शर्वरी." पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. "बाबांना भी आम्ही इथूनच सोडलं होतं."

थांबावंसं वाटलं... खूप वाटलं.

"बुरुजाखाली कोळ्यांची घरं आहेत रे. कुणीतरी बघायला हवं."

तो रुळांकडे वळला.

"मी आलो तर... वर नाही चढणार."

"खालीच थांब. मी हाक मारली की ओ द्यायची."

"आणि हाक आलीच नाही तर?"

शिट्टी झाली, मी डब्यात चढले. गाडी हलली. मी दारातून वळून पाहिलं, तर तो माझ्यामागून चढला होता — ना पिशवी, ना तिकीट. शेजारी येऊन बसला.

तिकीट तपासनीसाने विचारलं, दोघं बरोबर आहात का?

मी काही बोलायच्या आत प्रबुद्ध म्हणाला, "हौ."