घुमटाखालची भिंत

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. रंजना माझी मावसबहीण. तिच्यावर हे गुदरलं ते भर दुपारी, सुरतेबाहेरच्या एका नव्या चर्चमध्ये. गेल्या मार्चमधला मंगळवार होता.

त्या चर्चचं काम सात-आठ वर्षं रेंगाळलं होतं. आधी खांब उभे राहिले. मग लॉकडाऊन लागला आणि सळया नुसत्या गंजत राहिल्या. तीन वर्षांपूर्वी कुठे घुमट ओतला. ऐंशी फूट रुंद! सुरतेतल्याच उधन्याची, गोडादऱ्याची आपली खानदेशी माणसंच त्यावर राबत होती. मुकादम होता रंजनाचा थोरला भाऊ, गजेंद्र. तिचा नवरा अमोल सेंटरिंगवर, म्हणजे काँक्रीटखालच्या फळ्या-टेकू लावायच्या कामावर.

घुमटाच्या फळ्या काढताना अमोल वरून पडला. जागीच गेला.

“पिऊन चढला होता,” गजेंद्रनं सगळ्यांना सांगितलं. “दोरही बांधला नव्हता. मी तर खाली होतो, मिक्सरपाशी.”

रंजनानं भावाचा शब्द खरा मानला. सासूसमोर मान खाली घातली. पोरीलाही सांगितलं, तुझा बाप दारूपायी गेला.

तीन वर्षं ती हेच सांगत राहिली.

त्या मंगळवारी ती आतली भिंत घासत होती. भावानंच तिला कामावर लावलं होतं. बाकीचे जेवायला बाहेर गेलेले. दमून तिनं त्या गोल भिंतीला डोकं टेकलं...

कानाशी कुणीतरी श्वास घेतला.

ती दचकून वळली. कुणीच नव्हतं.

तिनं पुन्हा कान लावला...

“गजूभाऊ... दोर धरा. सोडू नका, गजूभाऊ...”

अमोलचा आवाज!

 ती पळाली नाही. भाऊ तर खाली होता ना? मग अमोल वर कुणाला विनवत होता?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं गजेंद्रला बोलावलं. “भाऊ, इथं ओल आल्यासारखी वाटते. जरा जवळून बघ.”

आणि स्वतः पार समोरच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली.

गजेंद्र वाकला. भिंतीला हात लावला.

तसाच थिजला...

त्याचे ओठ हलले. एवढ्या लांबून ती कुजबुज ऐकू यायलाच नको होती. पण रंजनाच्या कानात ती स्वच्छ आली.

“पाव्हणं, मीबी ओढला गेलो असतो... म्हणून सोडला.”

ती चालत त्याच्यापाशी आली. “घाबरून सोडलास, ते मी समजू शकते, भाऊ. पण त्यांना दारुडा का ठरवलंस? माझ्या तोंडून का वदवलंस?”

 गजेंद्रनं हेल्मेट खाली ठेवलं आणि तो निघून गेला. पुन्हा साइटवर आलाच नाही.

रंजनानं विचारलं तेव्हा साइटवरचा इंजिनियर म्हणाला, “घुमटाखाली असं होतं, ताई. या भिंतीला बोललेलं त्या भिंतीला ऐकू येतं.”

होत असेल. पण मंगळवारी समोरच्या भिंतीशी कोण होतं?

त्या संध्याकाळी रंजनानं पोरीला खरं काय ते सांगितलं. सासूला गावी फोन केला. काम सोडायच्या दिवशी भिंतीला तोंड लावून म्हणाली, “मीबी तुम्हाला दारुडाच म्हटलं. माफ करा.”

मग कान लावून उभी राहिली... बराच वेळ.

काहीच आलं नाही. श्वाससुद्धा नाही.

परवा मला फोनवर म्हणाली, “दादा, त्यांनी ऐकलं असेल का रे?”