नऊ बेचाळीस ते पाच बारा

निवृत्तीच्या दिवशी ताईंकडे एकच काम उरलं होतं, तेही जेमतेम पाच मिनिटांचं.

बंदराच्या कचेरीतलं यंत्र दर दहा मिनिटांनी समुद्राच्या पाण्याची उंची नोंदवायचं. एकोणीस वर्षांत एकही नोंद चुकली नव्हती. यंत्राचं बोलणं संगणकाला समजावून सांगणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम ताईंना हे काम शिकवणाऱ्या सरांनी लिहिलेला. सर वारले त्याला वर्ष झालं होतं. "नोंद तुटू देऊ नकोस," एवढंच त्यांनी मागितलं होतं, आणि ताईंनी शब्द दिला होता. आज तो जुना ड्रायव्हर उतरवून नवा चढवायचा होता, दोन नोंदींच्या मधल्या वेळात. संगणक बंद करून चालणार नव्हतं. तो पुन्हा उभा राहायला वीस मिनिटं घ्यायचा.

यंत्रखोलीत नेहमीचा तापलेल्या धुळीचा वास होता. ताईंना तो आवडायचा. अकराची नोंद झाली तशी त्या कामाला लागल्या.

ड्रायव्हर किती जण वापरताहेत, त्याचा आकडा संगणकाच्या प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, ठेवतो. तो शून्य झाल्याशिवाय ड्रायव्हर उतरत नाही. आकडा सहा होता. ताईंनी एकेक प्रोग्रॅम बंद केला. पाच. चार. तीन. दोन. एक.

पाचवाही बंद केला होता. तरी एक.

"ताई, तुमचा पाय निघत नाहीये म्हणून तोही हटून बसलाय," शेजारून धाकटी इंजिनियर म्हणाली. उद्यापासून सगळा कारभार तिच्याकडे जाणार होता. "जबरदस्तीनं काढू का?"

"खबरदार! कोणी वापरत असताना काढला तर पायाखालची फळी ओढल्यासारखं होईल. सगळा संगणक कोसळेल."

"पण वापरतंय कोण?"

कोणीच नव्हतं. अकरा दहाच्या आत ताईंनी प्रोग्रॅम पुन्हा सुरू केले आणि सरांचा कोड ओळ न् ओळ वाचला. जिथे आकडा वाढत होता, तिथे तो कमी करायची ओळही होती. सरांची चूक सापडणं तसं कठीणच.

आकडा बदलला की वेळ आणि प्रोग्रॅमचं नाव टिपलं जाई. ताईंनी ती यादी उघडली. आज सकाळी नऊ बेचाळीसला एकानं वाढ. नावाची जागा कोरी. काल नऊ बेचाळीसला वाढ, पाच बाराला घट. परवाही तेच. रविवारी काही नाही.

ताई वर्षभर मागे गेल्या. वेळा त्याच होत्या. त्याआधी मात्र नावाची जागा कोरी नव्हती. तिथे सरांचा प्रोग्रॅम होता, ते आल्याबरोबर सुरू करायचे आणि निघताना बंद करायचे तो.

"काय सापडलं?" धाकटीनं विचारलं.

"काही नाही. संध्याकाळी करू."

त्यांना भीती वाटली नाही, याचंच नवल वाटलं. उलट दुपारचा चहा त्यांनी यंत्रखोलीतच घेतला, कितीतरी दिवसांनी.

पाच दहाची नोंद झाली. त्यांनी पाचही प्रोग्रॅम बंद केले. एक.

पाच अकरा. एक.

"सर," त्या हळूच म्हणाल्या, "निघायची वेळ झाली."

शून्य.

जुना उतरला, नवा चढला. पाच वीसची नोंद बिनबोभाट झाली. धाकटीनं टाळ्या वाजवल्या. ताई घरी आल्या आणि कितीतरी वर्षांनी गाढ झोपल्या.

सकाळी त्या खिडकीशी निवांत पेपर वाचत बसल्या होत्या. यजमान आंघोळीला गेले होते. फोन वाजला.

"ताई, नवा ड्रायव्हर छान चाललाय," धाकटी म्हणाली. "फक्त आकडा सात दाखवतोय. प्रोग्रॅम पाचच आहेत. तुम्ही घरून जोडलंय का?"

"नाही गं. कधी वाढला?"

"एक नऊ बेचाळीसला. दुसरा आत्ता, नऊ छप्पन्नला."

नऊ छप्पन्न. बसमधून उतरून, जिना चढून ताई रोज यंत्रखोलीचं दार ढकलत, ती वेळ.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी उतरेल."

फोन ठेवून त्यांनी उजवा तळवा नाकाशी नेला. त्याला तापलेल्या धुळीचा वास येत होता.