प्रोसेसरला लावलेली टूथपेस्ट

आमच्या क्युबात रांगेला लागण्याआधी विचारायचं असतं, "शेवटचं कोण?" त्या ओल्या दुपारी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या ओसनिएलच्या दारात मी विचारलं, तर आतून तोच म्हणाला, "आता तू."

माझा कॉम्प्युटर सारखा तापून बंद पडायचा. ओसनिएलने तो उघडला, धूळ फुंकली, प्रोसेसरवरचा पंखा उचलला आणि नाक जवळ नेलं.

"टूथपेस्ट?"

"शेजारीण म्हणाली, गार राहतो..."

"राहतो की. वाळेपर्यंत. तू त्या दिवशी दात घासलेस, की सगळी यालाच?"

खरं तर राग यायला हवा होता, पण मला हसूच आलं. त्याने ते सगळं पुसलं आणि भावाने परदेशातून पाठवलेल्या नळीतला, प्रोसेसर गार ठेवणारा राखाडी लेप लावला, तांदळाच्या दाण्याएवढा. कॉम्प्युटर सुरळीत चालू लागला. मी मात्र घरी येऊन हिरमुसले – आता तिकडे जायचं तरी कशाला?

पंधरवड्याने कॉम्प्युटर पुन्हा तापला. पावसाने नुसता उच्छाद मांडला होता, त्यात वीज गेलेली. खिडकीपाशी ओसनिएलने पंखा उचलला आणि पुन्हा नाक जवळ नेलं.

"मायदेलिस, हे मी लावलेलं नाही."

पुदिन्याचा वास लपतो थोडाच?

"मग दुसरं काय निमित्त काढणार होते मी?" मी म्हणाले. "तू आवडतोस मला."

त्याचे कान लाल झाले. पण चेहरा उतरला.

"भावाने बोलावलंय गं. कागद आले. रविवारी निघतोय... तुला सांगायचं रोज ठरवत होतो."

आमच्या गल्लीतली निम्मी घरं अशीच रिकामी झाली होती. थांब म्हणायची छाती कुणाला होती?

त्याने नळी माझ्या हातात ठेवली. "ये, आज तू लाव. मी गेल्यावर कोण करील?"

"मला नाही शिकायचं."

"का?"

"शिकले, की तू निश्चिंत होऊन जाशील."

त्याने माझा हात धरला, आणि मी धरू दिला.

"दाबू नकोस... एवढंच. बास."

लेप नीट बसला. स्क्रू मीच पिळले. वीज आली, पंखा फिरू लागला, आणि आम्ही दोघंही कॉम्प्युटर बंद पडायची वाट बघत बसलो.

तो काही बंद पडला नाही.