मोटर धुण्याचं पाणी

जानरावाचं प्रेत तिसऱ्या दिवशी सापडलं. नाव तो वाहून गेला त्याच संध्याकाळी सापडली होती. बाभळीत अडकलेली, मागची मोटर जळून काळी.

साल २००६. मूर्तिजापूर तालुक्यातलं पिंपळडोह, पूर्णेच्या काठावर. पुरातून माणसं काढायला मच्छीमार सोसायटीनं कोकणातून वापरलेली मोटर आणली होती, नावेच्या मागे लावायची. ती ऐन धारेत बंद पडली. जानराव वल्ह्यासकट वाहून गेला.

त्याच्या बायकोनं, पार्बताबाईनं, तक्रारीत एकच नाव दिलं. जहीर मिस्त्री. ‘समुद्रातली खारी मोटर यानं दुरुस्त केली म्हणून देली. धुतलीबी नाही.’

फौजदार शकुन जहीरला घेऊन सोसायटीच्या शेडवर आली. दुपारपर्यंत दुसरं काही निघालं नाही, तर त्याला कोर्टात उभं करायचं होतं. दारात माणसं जमली. पार्बताबाईही होती.

शकुननं बेड्या काढायला लावल्या.

“उघड.”

जहीरनं पाना फिरवला. मोटरचं डोकं निघालं. आतले पाण्याचे रस्ते पांढऱ्या खपलीनं बुजले होते.

“मीठ?”

“मीठ अन् चुना, मॅडम.”

“म्हणजे तू धुतली नव्हती.”

“मूर्तिजापूरच्या दुकानात दोन दिवस नळाखाली धुतली, खुदा कसम! ही मोटर नदीचं पाणी आत ओढते, त्यानंच थंडी राहते. रस्ता बुजला की जळते. म्हणून मी लिहून देलं, दर सोमवारी पिंपात उभी करा, गोड्या पाण्यात दहा मिनिटं चालवा. दुधाच्या गाडीत मूर्तिजापूरहून दोन कॅना येत होत्या, खास मोटरसाठी.”

“धूत कोण होतं?”

“मी,” शेडचा राखणदार खुशालराव पुढे झाला. साठीचा, अंगानं वाळलेला. “एक सोमवार चुकला नाही, बाई. पोरीवाणी जपली तिले.”

“खरं आहे,” दारातून कुणीतरी म्हणालं. “दर सोमवारी कान किटत होते आमचे.”

शकुननं शेडच्या बोअरचं पाणी ओंजळीत घेतलं. चूळ भरून थुंकली. सकाळी पार्बताबाईकडे प्यायलेलं पाणीही असंच होतं. सारा खारपाणपट्टा, जमिनीखालीच मीठ.

शेजारच्या खोलीतून खुशालरावाची बायको गोदाबाई चहा घेऊन आली. पाय सुजलेले, चेहरा पिवळा. शकुननं घोट घेतला. थांबली. मग कप रिकामा केला.

“जहीर, यातला नवा भाग कोणता?”

“ही झडप. चैतात बसवली, अकोल्याहून आणून. कोरी करकरीत.”

सगळ्यात जाड खपली त्या झडपेवर होती.

शकुन खुशालरावाकडे वळली.

“चैत्रात बसवलेल्या झडपेनं समुद्र पाहिलाच नाही. मग हे मीठ कोकणातलं कसं? नदी उन्हाळ्यात आटते, पावसाळ्यात गढूळ वाहते, पण खारी नाही. उरलं हे शेड. तुम्ही मोटर धुतली, खोटं नाही. पण बोअरच्या पाण्यानं. मोटर तापायची, पाणी आतच सुकायचं. दर सोमवारी एक थर. पुरात ती पहिल्यांदाच तासभर चालली, आणि जळाली.”

“बाई, कॅनाचंच पाणी...”

“या गावात कुणाकडेही चहा प्या, मागून खारट लागतो. तुमच्याकडचा नाही लागला. त्या कॅनांखेरीज गोड्या पाण्याला दुसरी वाट नाही इथे.”

खुशालराव खाली बसला.

“तिचे गुर्दे गेले, बाई. डाक्टर म्हणे खारं पाणी बंद करा. कुठून आणू गोडं? मले वाटलं, लोखंडाले काय समजते! धुतल्याशी मतलब.”

“मोटर का जळाली, ते तुम्हाला कधी कळलं?”

“नाव काढली तवाच.”

“आणि पार्बताबाईला जहीरचं नाव कुणी सांगितलं?”

त्यानं मान वर केली नाही.

“मीच.”

गोदाबाई दाराची चौकट धरून उभी होती. “मले तं म्हणे, सोसायटी देते आजाऱ्याले,” ती पुटपुटली. “काहून लपवलं हो माह्यापासून? मी पेली नसती.”

खुशालराव उठला आणि आपल्या पायांनी जाऊन जीपमध्ये बसला.

जहीर मोकळा झाला होता. तरी तो हलला नाही. पार्बताबाईसमोर येऊन उभा राहिला.

“भाबी, मी एकदाबी येऊन पाह्यलं नाही, पाणी कोणतं वापरून राहिले ते. फोनवरच विचारत गेलो, धुतली का म्हणून.”

पार्बताबाई त्याच्या मनगटावरच्या वळांकडे पाहत होती. काल पोलिसांना ‘आवळा अजून’ म्हणून तीच ओरडली होती.

“जा घरी,” ती म्हणाली. “तुही पोरगी जेवली नसंल तुह्याबिगर.”