उष्टं मीडियम

इनक्यूबेटरच्या मुठीवर दोघांचे हात एकदमच पडले. दार उघडलं... आणि ते उघडंच राहिल्यामुळे इनक्यूबेटर बोंबलू लागला.

"लावा ना दार! थंडी वाजेल माझ्या पेशींना," ती म्हणाली.

ओळख झाली ती अशी.

ती पीएचडीसाठी ल्युकेमियाच्या पेशी वाढवायची. या पेशी मोठं व्हायचं नावच घेत नाहीत, रोग तोच. तिच्या औषधाने त्या मोठ्या व्हायच्या. पण अस्थिमज्जेतल्या आधारपेशी सोबतीला दिल्या, की मावशीच्या पदराआड लपल्यासारख्या पुन्हा कुक्कुल्या. या मावश्यांना मीडियम, म्हणजे पोषक पाणी, पाजून सांभाळायचा तो.

"लाडावून ठेवता माझ्या कार्ट्यांना!"

"लाड नाहीत हो... माया म्हणतात त्याला."

असे पाच महिने गेले. मग एकट्या ठेवलेल्या पेशींनीही मोठं व्हायला नकार दिला. म्हणजे औषध खोटं, प्रबंध पाण्यात. आणि गुरुवारी मार्गदर्शक बाईंना निकाल दाखवायचा! तिचं जेवण सुटलं.

बुधवारी तो येऊन उभा राहिला. हातमोजे काढले, पुन्हा घातले.

"एक सांगायचं होतं... रविवारी तुम्ही नसता. तुमच्या एकट्या प्लेट्स फार केविलवाण्या दिसायच्या. म्हणून माझ्या पेशींचं उष्टं मीडियम... चार-चार थेंब..."

असं करू नये हे कळण्याइतकं शिक्षण त्याचं झालं होतं. उपयोग झाला नव्हता.

"कॅन्सरवर दया? अहो, अख्खं जग ज्याच्या मुळावर उठलंय—" ती थांबली. "म्हणजे पेशीला पेशी शिवलीच नाही? नुसत्या उष्ट्या पाण्यातून माया पोचली?"

"पोचली म्हणायची." तो हातमोज्यांकडे बघत होता. "मला वाटत होतं... पोचतच नाहीये."

तिचे कान तापले. रागानेच, असं तिने ठरवलं.

गुरुवारी त्याला सोबत नेऊन तिने बाईंना सगळं खरं सांगितलं. बाईंनी चष्म्यावरून दोघांना न्याहाळलं. "कल्पना बरी आहे, पद्धत गाढवपणाची. पुन्हा करा. थेंब मोजून, वहीत लिहून... आणि दोघांनी मिळून."

रविवारी ती आली. तो आधीच आला होता.

"यापुढे दया आली, तर आधी मला सांगायचं."

"दया नव्हती ती."

"माहीत आहे रे."

मुठीवर पुन्हा दोन हात पडले. या वेळी कुणीच काढला नाही. दार उघडं राहिलं, इनक्यूबेटर बोंबलू लागला.

"थंडी वाजेल ना त्यांना?" त्याने विचारलं.

"वाजू दे जरा," ती म्हणाली.