टेबलापाशी उभी आई

प्रदर्शनाचं दार उघडायच्या आधीच पोलीस ठाण्यात फोन आला.

"एक म्हातारे गृहस्थ चित्रासमोर खुर्ची टाकून बसलेत. हलत नाहीत आणि कुणाला जवळ येऊ देत नाहीत."

"आहेत कोण?" निरीक्षक बाईंनी विचारलं.

पलीकडचा माणूस घुटमळला. "ज्यांनी ते चित्र काढलं, तेच."

बाई संग्रहालयात पोचल्या. मुख्य दालनात एकच चित्र, काचेआड. बाईंनी ते लगेच ओळखलं. टंचाईच्या काळात अन्नपुरवठा खात्याने ते छापून गावोगाव लावलं होतं. खाली ओळ होती: 'हवं तेवढंच वाढा.' बाईंच्या शाळेतही त्याची छापील प्रत होती. जेवणाचं टेबल. बाप बसलेला. लहान मुलगी बसलेली. आई हातात पळी घेऊन उभी. शेजारी तिची रिकामी खुर्ची. बापाची मूठ टेबलाच्या वर हवेतच वळलेली. वर्गातली मुलं म्हणायची, बाबा माशी मारतायत.

"हे माझं नाही," म्हातारे चित्रकार म्हणाले.

"म्हणजे चोरी झालीय?"

"माझं चित्र इथे नाही. त्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा."

त्यांची मुलगी बाईंना बाजूला घेऊन गेली. तिच्या चेहऱ्यावर ओशाळलेपण होतं. "आई गेल्यापासून बाबांचं लक्ष ठिकाणावर नसतं. परवा चहात ब्रश बुडवला. तुम्ही मनावर घेऊ नका."

म्हाताऱ्यांनी ते ऐकलं. "ब्रश मी पूर्वीही चहात बुडवायचो," ते म्हणाले. "तेव्हा लोक मला कलावंत म्हणायचे."

बाईंना हसू आलं. त्या त्यांच्याजवळ बसल्या.

"फरक काय आहे?"

"ती उभी आहे. माझी बसलेली होती."

"पण छापलेल्या चित्रात तर उभीच आहे."

"छापायच्या आधी खात्याने बदल केला. त्यांच्या माणसाने नवीन प्रत काढली आणि माझं चित्र मला परत दिलं. बायकोने ते भिंतीवर लावू दिलं नाही. ते पेटीत ठेवून दिलं. तिच्या माघारी आत्ता कुठे ती पेटी घराबाहेर पडली."

"तुम्ही पाहिलं होतं?" बाईंनी मुलीला विचारलं.

"कधीच नाही. पेटी बंदच असायची. प्रमुख घरी आले, त्यांच्या हातात मी ती तशीच दिली."

"प्रमुख म्हणजे?"

"या संग्रहालयाचे. बाबांचे विद्यार्थी. आमच्याकडेच राहून शिकले. माझ्या भावासारखेच आहेत."

बाईंनी काच काढायला लावली. चौकटी बसवणारा कारागीर आला.

"पेटीतून चित्र तू काढलंस?"

"नाही मॅडम. माझ्याकडे मोकळं चित्र आलं, साहेबांकडूनच. पेटी मी पाहिलीच नाही."

"कागद उजेडावर धर."

त्याने कागद खिडकीशी धरला. बाईंनी चित्र नीट निरखलं. उभ्या आईखाली कुठेही खाडाखोड नव्हती. पेन्सिलीच्या रेषाही तिला उभीच दाखवत होत्या. मग त्यांचं लक्ष नजरांकडे गेलं. बाप रिकाम्या खुर्चीकडे पाहत होता. मुलगीही रिकाम्या खुर्चीकडेच. उभ्या आईकडे कुणीच पाहत नव्हतं.

बाई प्रमुखांच्या खोलीत गेल्या. भिंतीला नकाशे ठेवतात तसली रुंद, चपट्या खणांची कपाटं. टेबलावर प्रमुखांचंच पुस्तक. मुखपृष्ठावर ती उभी आई. कॉलेजात शिकवलं जाणारं पुस्तक.

"काय लिहिलंय तुम्ही यात?"

"चित्र म्हणजे आपल्या काळाचा आरसा," प्रमुख उत्साहाने म्हणाले. "खुर्ची असून बाई बसत नाही. आणि ती मूठ बघा. घरावरची पुरुषाची सत्ता! तो सगळा काळ त्या मुठीत आहे."

"चित्रकार म्हणतात, त्यांच्या मूळ चित्रात ती बसलेली होती."

प्रमुखांनी उसासा टाकला. "सर थकलेत हो. मला वडिलांसारखे आहेत, बोलवत नाही. पण तुम्हीच विचार करा. बायको आरामात बसलीय आणि नवरा पळी घेऊन वाढतोय, असलं चित्र त्या काळात कोण काढेल?"

बाई उठल्या. "दालनात येता का जरा? सगळ्यांसमोरच बोलू."

दालनात चौघं जमले. म्हातारे खुर्चीतून उठले नाहीत.

"छापलेल्या चित्रात एक चूक आहे," बाई म्हणाल्या. "सगळ्यांच्या नजरा रिकाम्या खुर्चीवर आहेत. कारण आधी तिथे कुणीतरी बसलेलं होतं. खात्याच्या माणसाने आईला उठवून उभं केलं, पण नजरा फिरवायला विसरला. ही चूक खात्याच्या प्रतीतली. ती मूळ चित्रात असूच शकत नाही. आणि भिंतीवरच्या या चित्रात ती जशीच्या तशी आहे. खाली दुरुस्तीची खूणही नाही. म्हणजे हे छापील चित्रावरून काढलंय."

"मग ते सरांच्या घरातच बदललं असेल," प्रमुख म्हणाले.

"पेटी घरात कुणी उघडली नाही. कारागिराकडे चित्र मोकळं आलं. मधे फक्त तुम्ही होता."

"हा काही पुरावा नाही."

"नाही. पुरावा तुम्हीच दिलात. चित्रकार मला एवढंच म्हणाले, ती बसलेली होती. मीही तुम्हाला तेवढंच सांगितलं. नवरा वाढतोय हे कुणीच बोललं नव्हतं. त्याच्या हातात पळी होती हे तुम्हाला कसं कळलं?"

प्रमुखांची नजर चित्रातल्या मुठीकडे गेली.

"ती मूठ सत्तेची नव्हती," बाई म्हणाल्या. "तिच्यातून पळी काढून घेतली होती. पेटी उघडल्यावर तुम्हाला ते दिसलं. मूळ चित्र भिंतीवर लागलं असतं, तर तुमचं पुस्तक त्याच दिवशी कोसळलं असतं. कुठे आहे ते?"

मग प्रमुख आपल्या खोलीत गेले, बाई मागोमाग. त्यांनी सर्वांत खालचा खण उघडला.

"जाळणार होतो," ते पुटपुटले. "हात धजला नाही."

बाईंनी चित्र दालनात आणून म्हाताऱ्यांपुढे धरलं. तरुण बाप पळीने वाढत होता. आई खुर्चीत रेलून बसली होती, एक पाय चपलेतून मोकळा, आणि कशावर तरी मनापासून हसत होती. म्हाताऱ्यांच्या मुलीने आपल्या आईला असं कधी पाहिलं नव्हतं. तिने वडिलांचा हात धरायला हात पुढे केला. त्यांनी तो धरू दिला, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

"मी तुम्हाला वेड्यात काढलं, बाबा."

"हो," ते म्हणाले.

"तुम्हाला कुणावर संशय होता?" बाईंनी विचारलं.

"संशय कसला? दालनात पाऊल टाकल्याबरोबर हात ओळखला. बशीखालची ती सावली मीच त्याला शिकवली. वाट बघत होतो, तो स्वतः बोलेल म्हणून."

"सर, त्या काळाबद्दल मी लिहिलं ते खोटं नव्हतं," प्रमुखांचा आवाज चिरकला. "बायका उभ्याच असायच्या."

"असायच्या. म्हणून तर खात्याने तिला उभं केलं. पण आमचं घरही त्याच काळात होतं. मला येऊन विचारलं असतंस, तर दोन्ही चित्रं शेजारी लावून तुझं पुस्तक आपण दोघांनी मिळून नव्याने लिहिलं असतं."

"चूक झाली. तक्रार करू नका, सर. माझं सगळं जाईल."

म्हाताऱ्यांनी चित्रातल्या हसणाऱ्या बाईकडे पाहिलं.

"दवाखान्यात तू तिच्या उशाशी रात्री काढल्यास. काकू, काकू करायचास. आणि हिला असं बसलेलं पाहून तुला पहिली आठवण आली ती पुस्तकाची."

मग ते बाईंकडे वळले. "तक्रार लिहून घ्या. नाव मी सांगतो."